पुलापलीकडची हाजरी

माझं माहेर पांढुर्ण्यात आणि सासर सावरगावात. मध्ये जाम नदी आणि तिच्यावरचा पूल. लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी आईला म्हणालं, पोरगी दूर तर नाही ना दिली? आई म्हणाली, "दूर कायची? तव्यावरची पोळी उलटेपर्यंत येऊन जाते." आणि ते खरंच होतं. भाजी जास्त झाली की मी डबा घेऊन पूल ओलांडायची, आणि परत येताना त्याच डब्यात आई काहीतरी भरून द्यायची. रिकामा डबा त्या पुलावरून कधी गेला नाही. फक्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र मी सासरची असायची आणि आई पलीकडची.

त्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. बाहेरच्या माणसाला हे सांगताना मी अजूनही चाचरते, कारण तो आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहतो. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. सावरगावच्यांनी झाड राखायचं, पांढुर्ण्याच्यांनी ते तोडून चंडीमातेच्या देवळात न्यायचं, आणि हे होईपर्यंत दोन्ही काठांवरून एकमेकांना गोटे मारायचे. खरे गोटे. मारणारे एकमेकांचे व्याही, जावई, साळे, रोज एकाच टपरीवर चहा पिणारे. झाड पडलं की खेळ संपला. दुसऱ्या दिवशी तेच लोक पूल ओलांडून एकमेकांच्या जखमांची चौकशी करायला जातात. हे चूक की बरोबर, हे मला विचारू नका. मला विचारून कुणी सुरू केलेलं नाही, आणि माझ्या सांगण्यानं कुणी बंदही करणार नाही.

आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, पांढुर्ण्याच्या बाजूला. शेतातल्या विहिरींच्या जळलेल्या मोटारी आमच्याकडे येतात. नवरा तांब्याची तार भरतो, मी गल्ल्यावर बसते आणि गिऱ्हाइकाशी भांडते. भांडण मला जमतं. नवऱ्याला जमत नाही, म्हणून आमचं दुकान चालतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिराला गोटमारीत गुडघ्यावर गोटा बसला. तो नदीकाठच्या भिंतीआड पडून होता. माझ्या नवऱ्यानं फोन लावला तर लागेना, कारण त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्याचे फोन आमच्या त्या एवढ्याशा नदीकाठी गोळा झालेले असतात. ॲम्ब्युलन्स उभी होती, पण दुसऱ्या काठावर. आणि भोंग्यावरून साहेबांचा आवाज येत होता, "स्थिति सामान्य है, कृपया शांति बनाए रखें." दीर भिंतीआड दात चावत पडलेला आणि स्थिती सामान्य. शेवटी त्याला बाजेवर घालून आणलं तोवर गुडघा सुजून माठाएवढा झाला होता. आज तो पानठेला चालवतो, बसून. उभं राहायचं काम त्याला जमत नाही.

सरकारवर विश्वास ठेवू नये, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमचं राज्य हिंदीवाल्यांचं, म्हणून सरकार आमच्याशी हिंदीत बोलतं, आम्ही घरात मराठीत ऐकतो, आणि मध्ये कुठेतरी ॲम्ब्युलन्स हरवते.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ मोबाइलवर अमेरिकेतल्या माणसांचे व्हिडिओ पाहायला लागला होता. डोंगरात राहणारी माणसं. एकाची दाढी छातीपर्यंत आणि अंगात चौकडीचा शर्ट. त्यांचा सरकारवर अजिबात विश्वास नाही. उद्या वीज गेली, फोन बंद पडले, पूर आला, तर सरकार येणार नाही असं धरूनच ते चालतात. दाराशी एक भरलेली पिशवी टांगलेली, कोठीत धान्य, टाकीत पाणी, आणि प्रत्येकाच्या घरी एक छोटा रेडिओ सेट. ऐकायचा नाही, बोलायचा. रोज संध्याकाळी सगळे आपापल्या डोंगरावरून हाजरी देतात. मी आहे, मी ठीक आहे. बस्स, एवढंच. खाली हिंदीत लिहून येत होतं, ते भाऊ आम्हाला वाचून दाखवायचा. आईनं चष्मा लावून ते नीट पाहिलं आणि म्हणाली, "एवढं मोठं घर हाये, मोटार हाये, अन् त्याचा भरोसा नाई? मंग आपला कसा राहीन?"

भाऊ मात्र हसला नाही. तो म्हणाला, "ताई, आपनही हे करू. दोन्ही काठाचे मिळून. गोट्यावाल्याईचं काय व्हायचं ते होऊ दे, पन जखमी मानूस तरी बाहेर काढू."

हे त्याचं वाक्य होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. कल्पना त्याची, उत्साह त्याचा, नागपूरला जाऊन लायसन न लागणारे वाकीटाकी सेट घेऊन येणाराही तोच. माझ्या नवऱ्यानं ते उघडून पाहिले, बॅटऱ्या तपासल्या, आणि सगळ्यांना एक गोष्ट शिकवली. बटन दाबलं की लगेच बोलायचं नाही, एक श्वास थांबायचं, नाहीतर पहिला शब्द तुटतो. "पहिलाच शब्द कामाचा असते," तो म्हणाला.

आम्ही मोजकीच माणसं जमलो. माझा भाऊ पलीकडच्या काठावर, नवरा अलीकडच्या काठावर, दीर पुलाजवळच्या त्याच्या ठेल्यावर, आणि बुद्धविहारामागे राहणारा, दवाखान्यात पट्ट्या बांधणारा एक ड्रेसर, जो कोणत्याच काठाचा नव्हता. मधला सेट माझ्याकडे, गच्चीवर. आमच्या गच्चीवरून दोन्ही काठ दिसतात, पूल दिसतो, आणि वाकून पाहिलं तर पळसाचं झाडही. शिवाय मी एकटीच अशी होते की माझ्यावर दोन्ही काठांचा विश्वास होता. जन्म तिकडचा, कुंकू इकडचं. दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांनी हे मान्य केलं. माझ्या आयुष्यात मला मिळालेला हा एकच मान, आणि तो मी फार मिरवला.

पद्धत अशी ठरली. कुणी जखमी झाला की त्याच्या काठावरचा माणूस सेटवर "जखमी" म्हणणार आणि जागा सांगणार. मी विचारणार, कोण बोलतंय? आमच्यातलाच आवाज आला तर मी गच्चीवर पांढरी चादर उभारणार. चादर दिसली की दोन्ही काठांवरचे गोटे थांबणार, बाज घेऊन माणसं आत जाणार, जखमी माणूस बाहेर येणार, चादर खाली, मग तुमचं तुम्ही चालू द्या. ऐकायला सोपं वाटतं. पण रागानं डोळे लाल झालेल्या माणसाच्या हातातला गोटा एका चादरीनं थांबायला हवा असेल, तर त्या चादरीवर देवासारखा विश्वास हवा. आमचं सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. तो शब्द एकदा खोटा पडला की संपलं, हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

म्हणून आम्ही एका शनिवारी जामसांवलीला गेलो. मारुतीसमोर नारळावर हात ठेवून प्रत्येकानं म्हटलं, "जखमी नसताना माझ्या तोंडून जखमी हा शब्द निघणार नाही." भावानं डोळे मिटून म्हटलं. त्याची मारुतीवर फार भक्ती, लहानपणापासून शनिवार धरतो. ड्रेसर मात्र देवळाबाहेर चपलांजवळ उभा राहिला. म्हणाला, "मी नारळावर हात ठेवत नाई. माह्या बोलन्यावर भरोसा ठेवा." भाऊ मला हळूच म्हणाला, "याच्यावर जरा नजर ठेवा लागन, ताई." मीही मान हलवली.

पोळ्याला अजून वेळ होता. तोवर सवय व्हावी म्हणून रोज दिवेलागणीला हाजरी सुरू केली, त्या दाढीवाल्यासारखी. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले की सेट सोबत न्यायची. आधी दीर बोलायचा, मग ड्रेसर, आणि शेवटी भाऊ. "ताई, मी हाव." एवढंच बोलायचा नियम होता, पण नियम कुणी पाळतं का? मग भाऊ सांगायचा की आज घरी आंबाडीची भाजी आहे, गाय व्याली, बाबांचा खोकला कमी आहे. आई त्याच्या हातातून सेट हिसकून घ्यायची आणि बटन दाबून जी बोलायला लागायची ती सोडायचीच नाही. बटन सोडल्याशिवाय दुसऱ्याला बोलता येत नाही, हे तिला किती वेळा सांगितलं. दीर ठेल्यावरून वैतागायचा, कारण आई बोलत असेपर्यंत सगळ्यांचे सेट अडकून पडायचे आणि आंबाडीत लसूण किती घातला हे पानाच्या गिऱ्हाइकांनाही ऐकावं लागायचं. पण मला ते ऐकायला आवडायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला माहेर पुन्हा मिळालं होतं, रोज संध्याकाळी, तारेवरच्या कपड्यांमध्ये. मी मनातल्या मनात त्या अमेरिकेतल्या माणसाचे आभार मानायची.

त्याच्यासारखी पिशवीही मी भरली होती. दाराच्या खुंटीला टांगलेली. पट्ट्या, कापूस, हळद, टॉर्च, गूळ, मीठ, एक जुनं धुतलेलं धोतर फाडायला. सासू म्हणायची, "कोठी चालली वं, पिशी भरून?" मी म्हणायची, कुठेच नाही. म्हणून तर भरली.

त्या पावसाळ्यात नदीला पाणी चढलं तेव्हा आमच्या सेटांनी कामही करून दाखवलं. पूल बंद व्हायच्या आधी दिरानं ठेल्यावरून सांगितलं, भावानं पलीकडे सांगितलं, आणि बाजाराहून परतणारी माणसं वेळेत थांबली. एका बाळंतिणीला पुलाच्या या टोकावरून त्या टोकाला न्यायला ड्रेसर स्वतः गुडघाभर पाण्यातून आला. भोंगा त्यानंतर वाजला. लोक आमच्याकडे पाहून हसायचे बंद झाले. त्या वर्षीच्या गोटमारीत आणि त्याच्या पुढच्या वर्षी चादर पुष्कळदा वर गेली, आणि दर वेळी गोटे थांबले. मी वरून पाहायची. सगळा गलका एकदम शांत व्हायचा, बाज आत जायची, बाहेर यायची. एका चादरीनं हे होतं आणि ती चादर माझ्या हातात आहे, या विचारानं माझा ऊर भरून यायचा.

मग ते वर्ष आलं.

दुपार कलली होती आणि झाड अजून उभं होतं. त्या दिवशी आमच्या काठाचा जोर होता. पांढुर्ण्याचे लोक पुन्हा पुन्हा पाण्यात उतरत होते आणि मार खाऊन परत जात होते. आमच्याकडे लोक आतापासूनच हसायला लागले होते, की यंदा झाड आपलंच. मी गच्चीवर सेट घेऊन बसले होते. उन्हानं डोकं तापलं होतं.

सेट खरखरला. एक आवाज आला, "जखमी, जखमी. झाडाजवळ. डोक्शाले लागलं." आवाज ओळखीचा नव्हता. मी बटन दाबलं, श्वासभर थांबले आणि विचारलं, "कोन बोलून राह्यलं?"

मग माझ्या भावाचा आवाज. "ताई, मी हाव."

रोजचा आवाज. रोजचे शब्द. मला वाटलं, भाऊ जखमी माणसाला धरून बसला असेल, म्हणून सेट दुसऱ्याच्या हातात दिला असेल. मी चादर उभारली.

आमच्या काठाचे हात थांबले. एकही गोटा गेला नाही. पलीकडून बाज घेऊन माणसं पाण्यात उतरली. आमच्या बाजूनं माझा नवरा उतरला, सोबत कुणी नव्हतं, कारण तो उभा होता तिथून झाड जवळ होतं आणि डोक्याला लागलं म्हटल्यावर तो वाट पाहणारा माणूस नव्हे. गळ्यात पट्ट्यांची पिशवी, दाराच्या खुंटीवरची. मी वरून सगळं पाहत होते. बाज झाडापाशी पोचली. तिथे कुणीच पडलेलं नव्हतं. बाजेवर टाकलेली गोधडी बाजूला झाली आणि खालून कुऱ्हाड निघाली.

दोन घाव आणि झाड आडवं. "चंडीमाता की जय." पलीकडचा काठ उसळला. झेंडा हातोहात वर गेला.

आणि आमचा काठ. आमच्या लोकांना काय झालं ते कळायला एक क्षण लागला, आणि मग असे गोटे सुरू झाले जसे मी कधीच पाहिले नव्हते. झाड पडलं की खेळ संपतो, पण हा आता खेळ राहिलेला नव्हता. माझा नवरा मध्येच उभा होता, पाण्यात, हातात पट्टी घेऊन, ज्याला बांधायची त्याला शोधत. तो आमच्या काठाकडे वळला, हात वर करून काही सांगायला. तेव्हा त्याला लागला. आमच्याच काठाचा गोटा. तो डोळ्यावर हात धरून खाली बसला आणि पाणी लाल झालं.

मी सेटवर ओरडले, "जखमी, जखमी, आपला मानूस हाये." चादर उभारलेलीच होती, ती मी दोन्ही हातांनी हलवत होते. खालून कुणीतरी माझ्याकडे पाहून ओरडलं, "हलव, हलव. माहेरची निशाणी हलव." आणि गोटे थांबले नाहीत. थांबणार कसे? माझ्याच चादरीनं त्यांना फसवलं होतं. मी स्वतःच्या नवऱ्यासाठी किंचाळत होते, आणि माझा तो शब्द आता कुणालाच ऐकू येत नव्हता.

त्याला बाहेर काढलं ते ड्रेसरनं. पलीकडून, डोक्यावर पितळी परात धरून तो एकटा आत शिरला आणि माझ्या नवऱ्याला काखेत धरून घेऊन आला. नागपूरला नेलं. डोळा गेला. दुसरा बरा आहे. तार भरताना आता मान जरा तिरपी करावी लागते.

त्यानंतर एक साहेब घरी येऊन विचारून गेले, हे सेट कुणाच्या परवानगीनं लावले? मी म्हटलं, लायसन लागत नाही, वाचून बघा. साहेब म्हणाले, बाई, गोष्ट लायसनची नाही. खरं होतं ते. गोष्ट लायसनची नव्हतीच. पण साहेबांचा मला राग आला नाही. त्यांनी मला कधी काही कबूल केलं नव्हतं. परका माणूस विश्वासघात करू शकत नाही, तेवढी त्याची ऐपतच नसते. त्यासाठी घरचा लागतो.

नवऱ्याच्या डोळ्याची पट्टी सुटल्यावर मी एकटी माहेरी गेले. डबा न घेता. अंगणात भाऊ गाईला चारा घालत होता. मला पाहून त्यानं हात झटकले आणि पायाला हात लावायला वाकला. मी मागे सरले.

"तुनं शपथ घेतली होती," मी म्हटलं.

तो म्हणाला, "ताई, मी शपथ मोडली नाई. जखमी हा शब्द माह्या तोंडून निंगालाच नाई. तो दुसरा पोट्टा बोलला. मी फक्त मी हाव म्हटलं. मी होतोच ना तेथी."

तो हे खरंच मानत होता. मला त्याच्या डोळ्यात दिसत होतं. मारुतीला तो घाबरला होता, म्हणून मारुतीसाठी त्यानं वाट काढून ठेवली होती. शब्द दुसऱ्याच्या तोंडात घातला आणि आपल्या तोंडात फक्त माझं रोजचं माहेर ठेवलं. मला फसवायला त्याला खोटं बोलावंच लागलं नाही. एवढा विचार त्यानं देवाचा केला, माझा केला नाही.

"भाऊजी मधात येतीन हे मले कसं मालूम?" तो म्हणाला. "त्याईचं मले लय वाईट वाटून राह्यलं. खायले नाई सुधरत, ताई."

आई दारात उभी होती. मी तिला विचारलं, "तुले मालूम होतं?"

आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पोळ्याच्या दोन रोज पयले पोट्ट्याईले जेवू घातलं तवा बोलत होते. मले वाटलं खेळच हाये."

"मंग रोज संध्याकाळी बोलत होती माह्यासंग. तवा नाई सांगता आलं?"

आईनं पदर खोचला. मग म्हणाली, "तुले सांगतलं असतं तं तू तिकडं सांगतलं असतं. तू तिकडली झाली ना आता."

ही तीच आई, जी तव्यावरची पोळी उलटेपर्यंत मला येऊन जा म्हणायची. मी अंगणातून तशीच वळले. पुलावर आले तर आमच्या गावची दोन माणसं समोरून येत होती. त्यांनी मला माहेराहून येताना पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या लेखी मी तिकडचीच होते. मान होता तेव्हा मी दोन्ही काठांची होते. आता दोन्ही काठ मला एकमेकांकडे ढकलत होते.

सेट मी कपाटावर ठेवून दिला. बॅटरी काढायचं कसं कोण जाणे, राहून गेलं. दिवेलागणीला तो खरखरायचा. "ताई, मी हाव." पुन्हा जरा वेळानं, "ताई?" मी पोळ्या लाटत राहायची. नवरा एका डोळ्यानं माझ्याकडे पाहायचा. मग बॅटरी आपोआपच संपली.

कधी कधी मला तो अमेरिकेतला दाढीवाला आठवतो. त्याला एकदा विचारावंसं वाटतं. बाबा, तुझा सरकारवर भरोसा नाही, ठीक. पिशवी भरली, पाणी भरलं, रोज हाजरी घेतलीस. पण शेजारच्या डोंगरावरच्या माणसावर तुझा भरोसा आहे तो कशाच्या जोरावर? तो जर म्हणाला मी आहे, आणि त्याच्या बाजेखाली कुऱ्हाड असली, तर तुझ्या पिशवीत त्यावर काय आहे? त्यानं हे कोणत्याच व्हिडिओत सांगितलं नाही. सरकारवर विश्वास नव्हता म्हणून आम्ही आपल्या माणसांवर ठेवला, आणि दोन्हीकडून गेलो.

यंदा राखीला भाऊ आला. मी बोलावलं नव्हतं. नवऱ्यानंच उठून त्याला पाट दिला, म्हणाला, "बस, बाप्पा." माझ्या नवऱ्याला भांडण जमत नाही हे मी आधीच सांगितलं आहे. मी राखी बांधली. बांधली, कारण न बांधायला जी ताकद लागते ती मला त्या दिवशी जमली नाही. भावानं ताटात ओवाळणी म्हणून नवा सेट ठेवला, खोक्यासकट.

"हा लांबचं पकडते, ताई. तिगावपर्यंत. पोट्टे इचारून राह्यले, यंदा ताईची चादर हाये का नाई. पयल्यासारखं चालू करू."

मी म्हटलं, "करू. तू आमच्या चौकात उभा राह्य. जे केलं ते आपल्या तोंडानं सांग. मंग मी चादर धुऊन काढीन."

तो हसल्यासारखा झाला. "लोकं मारतीन ना मले."

"भाऊजीले गोटा लागलाच ना."

त्यानं राखीकडे पाहिलं, गोंड्याचा दोरा ओढून घट्ट केला. नवरा मध्ये पडून म्हणाला, जाऊ दे, चहा घे. चहा झाला. भाऊ उठला, या वेळी पायाला हात न लावताच. मी आईसाठी डबा दिला नाही. तो दारातून म्हणाला, सेट चालू करून पाह्य जो, मी घरी पोचलो का सांगतो. मग गेला.

मी गच्चीवर कपडे काढायला गेले. आभाळ भरून आलं होतं. नवा सेट का सोबत घेतला हे मला सांगता येणार नाही, हाताला सवय असते. चादरी काढत होते तोच सेट बोलला. आवाज अगदी स्वच्छ, कानाशी बोलल्यासारखा. "ताई, पोचलो घरी. माय बाजूलेच बसून हाये. मी हाव."

मी सहज पुलाकडे पाहिलं. पुलाच्या कठड्यावर तो बसला होता, माझ्या घराकडे पाठ करून, तोंडाशी सेट धरून. हातातली राखी एवढ्या लांबूनही लाल दिसत होती. आई कुठेच नव्हती. त्याला घरी जायचं नव्हतं किंवा जाववत नव्हतं, आणि मला बरं वाटावं म्हणून तो पोचलो म्हणत होता. इतक्या छोट्या गोष्टीतही त्याला खरं सांगायला सुचलं नाही.

मी बटन दाबलं. एक श्वास थांबले. "बरं," म्हटलं. मग बॅटरी काढून पदरात ठेवली आणि उरलेले कपडे गोळा केले.

खाली आले तर नवरा मान तिरपी करून दुकानातून आणलेली तार मोजत बसला होता. त्यानं विचारलं, "पोचला काय?"

मी म्हटलं, "म्हनते तं."